चेसीखालचा दिवस

सकाळी 6.45

मालवणहून कसालकडे जाणारा रस्ता. रस्त्याकडेला चिऱ्याच्या तीन भिंती, वर पत्रा, पुढे उघडं अंगण. गॅरेजला पाटी नाही. कधी गरज पडली नाही.

पत्र्याखाली एक जुनी फोर-बाय-फोर जीप उभी आहे. नंबर एमएच 07. कापडी हूड उतरवून कोपऱ्यात ठेवलंय. ही जीप देवबागच्या किनाऱ्यावर जेट-स्की आणि लहान बोटी पाण्यातून वर ओढते. मागची चाकं लाटेत, पुढची वाळूत, हे तिचं रोजचं काम. 26 मेला जलक्रीडा बंद झाल्या. आता 31 ऑगस्टपर्यंत तिला काम नाही. आज 28 मे. पाऊस एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण त्याचा भरवसा नाही. 2025 साली तो 25 मेलाच तळकोकणात उतरला होता. म्हणजे हाताशी आहेत ते हेच दिवस.

मिस्त्री चहा घेऊन आलेत. वय पंचावन्नच्या आसपास. वरच्या खिशात खडू, हातात लहान हातोडी. गाडीखाली वाकून ते चेसीवर ठोकत जातात. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. भद्द. जिथं भद्द वाजतं तिथं खडूनं गोल.

"हयसून सुरवात झाली," मागच्या पाट्याच्या हँगरवर बोट ठेवून ते म्हणतात. पाटा म्हणजे स्प्रिंगचा पाटा. हँगर चेसीला जिथं जोडलाय तिथं एक कोनाडा तयार होतो. चाकानं उडवलेली ओली वाळू त्यात बसते आणि तिथंच राहते.

पुढून मागेपर्यंत अकरा गोल झाले. मिस्त्रींनी भाव ठरवला तेव्हा पाच-सहा धरले होते.

7.15

गाडी उचलायची. दोन जॅक, चार घोड्या. घोड्या मिस्त्रींनी स्वतः वेल्डिंग करून घेतलेल्या, जुन्या ट्रकच्या एक्सलच्या नळीच्या. अंगणात चिऱ्यांचा ढीग पडलाय, पण चिरा गाडीखाली ठेवत नाहीत. वजन आलं की तो कधी फुटेल सांगता येत नाही. खाली माणूस झोपणार असतो.

हाताखाली एकच पोरगा आहे. आयटीआय केलेला, एकोणीस-वीस वर्षांचा. 600 रुपये रोज. चारही चाकं तो काढतो. मागच्या डाव्या चाकाचा एक नट हलत नाही. पान्यावर लोखंडी नळी चढवून तो अंगाचा भार टाकतो. करकर आवाज येतो आणि नट सुटतो. चाकं भिंतीला लागतात.

बॅटरीच्या वायरी सोडल्या. डिझेलची टाकी उतरवली. आज वेल्डिंग आहे.

गाडी काल दुपारीच धुतली आहे. अर्धा दिवस त्यातच गेला. प्रेशरचा पंप लावून आधी चिखल, मग वाळू, मग नुसतंच पाणी. खारं पाणी वाळलं तरी मीठ जागेवरच राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. हवेतला दमटपणा पाऊणशे टक्क्यांवर गेला की हे मीठ पाऊस नसतानाही ओलं होतं, आणि किनाऱ्यावरची हवा वर्षातले कितीतरी महिने त्याच्या वरच असते. म्हणून गाडी शेडमध्ये कोरडी उभी असली तरी खालून सडत राहते. त्यावर उपाय एकच, मीठ धुऊन काढणं, तेही गोड्या पाण्यानं. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरी मे अखेरीला मचूळ होतात. त्या पाण्यानं गाडी धुणं म्हणजे मीठ काढून मीठच लावणं. इथली विहीर गोडी आहे.

8.00

पुठ्ठा अंथरला. फ्रिजच्या खोक्याचा. पोरगा पाठीवर सरकत आत गेला. डोक्याला टोपी, नाकाला मास्क, त्यावर ओला पंचा.

"मेल्या, चष्मो घाल."

तो चष्मा घालतो. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावलाय. असा एक ब्रश 140 रुपयांना, या गाडीला दोन लागतील. ग्राइंडर फिरायला लागला की ब्रशच्या तारा तुटून उडतात. एखादी कपड्यातून आत घुसते. डोळ्यात गेली तर दवाखाना. पोराच्या हातावर बारीक लाल टिपके आहेत. ते तारांचे.

ग्राइंडर चालू झाला आणि बोलणं बंद झालं.

आधी जुना काळा थर. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी खालून काळं कोटिंग मारून दिलं होतं. वरून अजून चकचकीत दिसतं. ब्रश लागताच तळहाताएवढी पापडी सुटून पुठ्ठ्यावर पडते. पापडीची आतली बाजू तांबूस. गंज न काढता वरून थर मारला होता. थराला कुठंतरी चीर पडली, तिथून पाणी आत गेलं आणि बाहेर येईना. उघडं लोखंड निदान वाऱ्यानं वाळतं. हे आत ओलंच राहिलं.

तालुक्याच्या गावात आजही असं काम दोन तासांत करून मिळतं. तीन-साडेतीन हजारांत. गाडी वर घेतात, पाणी मारतात, काळं करतात. मिस्त्रींनी या गाडीचे 9,500 सांगितले, तेव्हा मालकानं तो आकडा ऐकवला होता. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "काळा करून होया, काय गंज काढून होयो?"

8.50

वीतभर जागा साफ करायला दहा मिनिटं जातात. हात सतत डोक्याच्या वर. दहा मिनिटांनी पोरगा ग्राइंडर छातीवर ठेवतो, हात झटकतो, पुन्हा उचलतो. गंजाची धूळ तांबूस असते. घाम आला की ती मानेवर चिकटते. पंचा आता विटकरी झालाय.

मिस्त्री दुसऱ्या बाजूनं पटाशी घेऊन बसलेत. पटाशी जुन्या पाट्याच्या तुकड्याची, घासून धार लावलेली. बाजारातली पटाशी गंजावर वाकते, ही वाकत नाही. जिथं दोन पत्रे एकमेकांवर बसलेत ती जोड ते उघडतात. जोड मध्येच फुगली आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो. दोन पत्र्यांच्या मध्ये जागा नसेल तर तो पत्रे रेटतो. जाड पत्राही वाकवतो. पटाशीचं टोक घालून पिरगाळलं की आतून पदरापदरानं गंज निघतो.

"वरसून बघून कळणा नाय," मिस्त्री म्हणतात. "फुगलेला दिसला, की आत खाल्लेला समजायचा."

चेसीच्या पोकळ भागाला खालून भोकं असतात. आत गेलेलं पाणी निथळायला. चारपैकी तीन बुजली आहेत. मिस्त्री सळई घालून ती मोकळी करतात आणि कॉम्प्रेसरची हवा मारतात. दुसऱ्या टोकानं वाळू येते. ओली. तिच्यात शिंपल्यांचा चुरा. येतच राहते. शेवटी घमेल्यात गोळा केली तर अर्धं घमेलं भरलं. काल एवढं पाणी मारूनही ही आतच होती.

9.40

लाइट गेली. ग्राइंडर थांबला. अचानक कावळे ऐकू यायला लागले.

कुणी काही बोलत नाही. मे महिन्यात हे धरलेलंच असतं. पोरगा बाहेर सरकतो, चूळ भरतो. थुंकी तांबूस. घरून आलेली पेज दोघं पितात. उकड्या तांदळाची, सोबत लोणच्याची फोड.

पेज झाली की पुन्हा खाली. हातानं. ग्राइंडर न पोचणाऱ्या जागा तशाही उरतातच. क्रॉस मेंबरच्या मागचा कोपरा, बॉडी जिथं चेसीवर बसते त्या रबरांच्या भोवती, टाकीच्या पट्ट्याखाली. तिथं हाताचा तारब्रश आणि पॉलिश पेपर. पेपर 15 रुपयांना एक. मिस्त्रींनी बारा आणलेत. एकेकाचे चार तुकडे करून वापरतात. बोटाला गुंडाळून घासायचं. चकचकीत पांढरं लोखंड दिसलं पाहिजे असं नाही. सुटणारं काही राहता कामा नये.

ब्रेकची एक नळी मागच्या एक्सलवर खडबडीत झाली आहे. मिस्त्री नखानं खरवडून बघतात आणि खडूनं फुली मारतात. ती रंगवायची नाही, बदलायची. वरून रंग मारला तर आतलं दिसणार नाही, आणि पुढच्या वेळी घाटात ब्रेक दाबल्यावर कळेल. नळीचे 350 वेगळे.

10.15

मालक येतो. बुलेट लावतो. चाकाच्या जागी घोड्या बघून थोडा थबकतो. खाली वाकून बघतो. सगळं तांबूस-करडं, ठिपक्याठिपक्यांचं. कालच्यापेक्षा गाडी वाईट दिसते आहे.

"मिस्त्रीनू, सांजचे गाडी गावतली मा?"

"उद्या दुपारी."

मालक आणखी एक विचारतो. त्याचे वडील दर मे महिन्यात गाडीला खालून जळकं ऑइल मारायचे. इंजिनातून काढलेलं ऑइल, थोडं डिझेल घालून पातळ केलेलं. फुकटात व्हायचं. मग हे एवढं कशाला?

मिस्त्री त्याला उडवून लावत नाहीत. ऑइल बारीक फटीत झिरपतं. घट्ट थर जिथं पोचत नाही तिथं ते पोचतं, आणि त्याला चीर पडत नाही. हे त्याचं चांगलं. वाईट असं की पहिल्या जोराच्या पावसात अर्धं धुपून जातं, धूळ धरतं, रबराचे बुश फुगवतं, आणि जिथं गाडी उभी राहील तिथं जमिनीत उतरतं. ज्यांची गाडी चिखलात जाते आणि जे दर वर्षी न चुकता मारतात, त्यांच्या गाड्या त्यावर टिकल्या आहेत. मिस्त्रींनी स्वतः पंधरा-वीस वर्षं तेच केलं. आता पोकळ भागात ते मेण मारतात. काम तेच, फटीत शिरण्याचं. फक्त मेण जागेवर राहतं.

मालक नळीचे 350 देऊन जातो.

11.00

लाइट आली. पाठोपाठ वेल्डर आला, स्कूटरच्या पायरीवर इन्व्हर्टर मशीन ठेवून. सगळे त्याला चाचा म्हणतात. मूळचा उत्तर प्रदेशातला, मालवणात राहून तीस वर्षं झाली, मालवणी कळते, बोलतो हिंदीच. दोन तासांचे 800, रॉड त्याचे.

अकरा गोलांपैकी आठ साफ केल्यावर घट्ट निघाले. तीन नाही. चाचा मागच्या हँगरजवळ पेचकसाचं टोक टेकवतो आणि दाबतो. पेचकस आत जातो.

"मिस्त्री, ये तो काग़ज़ है. वेल्डिंग किसको करूँ?"

सडलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. आर्क लागला की भोक मोठं होतं. म्हणून आधी कापत जायचं, घट्ट लोखंड लागेपर्यंत. रुपयाएवढं दिसणारं भोक कापून झाल्यावर तळहाताएवढं होतं. मग त्यावर पट्टी. चाचा पट्टीची टोकं सरळ कापत नाही. शंकरपाळ्यासारखी तिरकी कापतो. चेसीवर उभा सरळ टाका मारला तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो आणि गाडी वाळूत जोर लावते तेव्हा तिथूनच तडा जातो. तिरक्या टाक्यावर ताण पसरतो.

पट्टीचं लोखंड भंगारवाल्याकडून आणलेलं, 220 रुपयांचं. पोरगा पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट घेऊन बाजूला उभा. ठिणग्या जमिनीवर उड्या मारतात. जुन्या कोटिंगला एकदा जाळ धरतो, तो गोणपाट दाबतो. धुराला डांबराचा वास.

12.50 ला चाचा मशीन आवरतो. टाके ग्राइंडरनं फ्लॅप डिस्क लावून सपाट केलेत. डिस्क 60 रुपयांना एक, चार संपल्या.

दुपारी 1.10

थिनरमध्ये चिंधी भिजवून सगळी चेसी पुसली. दोन लिटर थिनर, 280 रुपये. चिंधी काळी झाली की टाकायची, नवी घ्यायची. आता उघड्या हातानं चेसीला शिवायचं नाही. हाताच्या घामातही मीठ असतं. मिस्त्री हातमोजे घालतात.

मग कन्व्हर्टर. लिटरभराची बाटली, 480 रुपये. दिसायला दुधासारखा पांढरा. ब्रशनं लावतात, पातळ. खड्ड्याखड्ड्यांत उरलेला जो बारीक गंज कशानंच निघत नाही, त्याच्यासाठी हा. यात टॅनिन असतं. ते गंजाशी जुळलं की काळं, घट्ट संयुग होतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस मिळून शाई करायचे, त्यातही हेच टॅनिन आणि हेच लोखंड. जिथं गंज आहे तिथं पंधरा-वीस मिनिटांत पांढऱ्याचं जांभळट होतं, मग काळं. जिथं नुसतं साफ लोखंड आहे तिथं रंग फारसा बदलत नाही. म्हणजे कुठं किती गंज उरला होता, ते हाच दाखवतो. काळा भाग जास्त दिसला तर मिस्त्री पोराकडे बघतात. आज बघत नाहीत.

सुट्या, जाड गंजावर हा ओतून उपयोग नाही. तो वरचा पदर काळा करतो आणि खालचा तसाच राहतो. बाटलीवर चित्र असं आहे की नुसतं लावलं की झालं. सकाळपासूनचे पाच तास त्या चित्रात नाहीत.

1.40

जेवण. मिस्त्रींच्या घरून डबा. भात आणि बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात बांगड्याचा भाव चढायला लागलाय. मिस्त्री पोराला दोन तुकडे वाढतात, स्वतःला एक घेतात.

जेवण झाल्यावर पोरगा पुठ्ठ्यावरच आडवा होतो. वीस मिनिटं.

2.30

इपॉक्सी प्रायमर. दोन डबे असतात, रंग आणि हार्डनर. मिळून 750 रुपये. ठरलेल्या प्रमाणात मिसळायचे. मिसळले की घड्याळ सुरू. उन्हाळ्यात काही तासांत डब्यातला माल दगड होतो. म्हणून मिस्त्री एका वेळी अर्धाच कालवतात.

पूर्वी सगळीकडे लाल ऑक्साइड लावायचे. स्वस्त पडतं, अजूनही गेटला, खिडकीच्या गजांना लागतं. पण त्याच्या थरातून ओल आत जाते. खिडकीच्या गजाला ते चालतं, लाटेत उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही.

झाकायचं ते आधी झाकलं. ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, रबराचे बुश, ग्रीसचे निपल, एक्सलच्या वरची ब्रीदरची बारीक नळी. प्लास्टिक आणि टेप. ब्रीदर रंगानं बुजला तर एक्सल तापल्यावर आतली हवा कोंडते आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं. सायलेन्सरवर कोटिंग पडलं तर महिनाभर धूर आणि वास. या झाकाझाकीत पाऊण तास गेला. टेप, प्लास्टिक, मास्क, चिंध्या मिळून 200 रुपये.

कोपरे आणि जोड आधी ब्रशनं, मग बाकी गननं. गनचा फवारा कोपऱ्यात शिरत नाही, उलटून येतो. धारेवर, टोकांवर दोनदा. रंग धारेवरून ओघळतो, तिथं थर पातळ राहतो आणि गंज पहिला तिथंच उगवतो.

4.30

प्रायमरला बोट लावलं तर चिकटत नाही. आकाशात पश्चिमेकडून ढग यायला लागलेत. हवा जड झाली आहे. चिऱ्याची भिंत हाताला ओलसर लागते. मिस्त्री भिंतीला हात लावून बघतात, चेसीला उलट्या हातानं बघतात. चेसी कोरडी. ओलसर लागली असती तर आज पुढचं काम केलं नसतं.

अंडरबॉडी कोटिंग. डांबर आणि रबर मिसळलेलं, लिटरच्या बाटल्यांत. 450 ला एक. पाच लागतात. आज तीन, उद्या दोन. बाटली थेट गनला लागते. पोरगा बाटली हलवत बसतो, दोन-दोन मिनिटं एकेक. मिस्त्री मारतात. गन हातभर अंतरावर, सरळ पट्ट्यात. चाकांच्या आतल्या कमानीला सगळ्यात जाड, कारण टायर तिथंच खडे मारतो. एकदम जाड मारलं की वर साय धरते आणि आत ओलं राहतं. म्हणून दोन हात. म्हणूनच उद्या दुपार.

निथळायची भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत आधीच काड्या खोचल्या आहेत. काम झालं की ओढून काढायच्या.

सगळं काळं झालं. मघाशी तांबूस-करडी दिसणारी चेसी आता नव्यासारखी दिसते. यासाठी अर्धा तासही लागला नाही.

5.45

पोकळ भागात मेण. बाटलीला लांब नळी, नळीच्या टोकाला बारीक भोकं, चारी बाजूंना फवारा मारणारी. चेसीच्या भोकातून नळी पूर्ण आत घालायची आणि दाबत-दाबत हळूहळू मागे ओढायची. दोन बाटल्या, 900 रुपये. दुसऱ्या भोकातून मेणाचा थेंब बाहेर आला की तो भाग झाला.

हे काम कुणाला दिसत नाही. गाडी वर घेऊन बघितलं तरी दिसत नाही. काळं करून देणारे हे करत नाहीत. गाडी आतून बाहेर सडते, हे पोरानं सकाळच्या वाळूच्या घमेल्यात बघितलंय. तो न सांगता मागच्या क्रॉस मेंबरला दुसऱ्यांदा नळी घालतो.

6.40

वीज चमकते. दहा मिनिटांत वळवाची सर. पत्र्यावर इतका आवाज की ओरडून बोलावं लागतं. गाडी आत आहे. पुढच्या बाजूनं तुषार येतात, तिथं पोरगा ताडपत्री बांधतो. नवी ब्रेकची नळी बसवून झाली. ब्रेकची हवा उद्या काढायची, चाकं लावल्यावर.

पोरगा रॉकेल लावून हात पुसतो, मग साबण. नखांतलं काळं जात नाही. 600 रुपये खिशात घालतो आणि सर थांबायची वाट बघतो.

7.20

मालक रेनकोट घालून येतो. टॉर्च मारून खालून बघतो आणि खूश होतो. "झकास झाला," म्हणतो.

हिशेब. मिस्त्री वही काढतात. सामान 5,780. चाचाचे 800. पोराचा काल अर्धा रोज, आज पूर्ण, उद्या अर्धा, मिळून 1,200. एकूण 7,780. ठरलेले 9,500.

मालक कोटिंगच्या बाटल्या मोजतो. त्याबद्दल काही म्हणत नाही. मेणाच्या बाटल्याही ठीक. मग म्हणतो, "घासूचे काय इतके? पोरग्यान ब्रश तर मारलो."

मिस्त्री उत्तर देत नाहीत. सकाळची पापडी त्यांनी बाकावर ठेवली आहे. जुन्या कोटिंगची, आतून तांबूस. ती ते मालकाच्या हातात देतात. मालक ती उलटी-सुलटी करून बघतो. शेवटी 9,300 वर तुटतं. मिस्त्रींना दोन दिवसांचे 1,520 राहिले, त्यातून लाइट आणि कॉम्प्रेसर.

जाताना मालकाला दोन गोष्टी सांगितल्या. चार दिवस गाडी वाळूत घालायची नाही. आणि सप्टेंबरात हंगाम सुरू झाला की रोज संध्याकाळी खालून गोडं पाणी मारायचं, भोकं उघडी आहेत की नाहीत ते बघायचं. बाटलीवर तीन वर्षं लिहिलंय. मिस्त्री एका वर्षाची हमी देतात, तीही पाणी मारलं तर.

8.00

वहीत आणखी दोन गाड्या आहेत. एक मासळीची पिकअप, बर्फाचं खारट पाणी गळून मागची चेसी खाल्लेली. दुसरी मुंबईहून गावी आणून ठेवलेली एसयूव्ही, जी गणपतीपर्यंत हलणार नाही. दोघांचेही फोन येऊन गेलेत. दोघांनी एकच विचारलं, कोटिंग कुठल्या कंपनीचं?

तुम्हीही गाडी घेऊन कुणाकडे गेलात तर कंपनी नंतर विचारा. आधी विचारा की खरवडायला किती तास देणार, आणि त्या तासांच्या मजुरीत घासाघीस करू नका. कोटिंग थोडं हलकं असलं तरी एक पावसाळा निभावतं. गंजावर मारलेलं भारीतलं कोटिंग तेवढंही निभावत नाही.